आमच्या इमर्जन्सीतली क्लिनिकल फार्मसिस्ट सेवा: पाचपैकी चार

पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे सांगतेच.

हा रिव्ह्यू कुठल्या नातेवाइकाचा नाही, आतल्या माणसाचा आहे. मी इमर्जन्सीत स्टाफ नर्स आहे. हॉस्पिटलबद्दल लोक भरभरून लिहितात: डॉक्टर नीट बोलले का, किती वेळ बसवून ठेवलं, बाथरूम कशी होती. औषध शिरेत जायच्या आधी ते कुणी पारखलं, यावर मात्र कुणी चकार शब्द लिहीत नाही. लिहिणार तरी कसं? ते काम नीट झालं की काहीच घडत नाही. रिॲक्शन येत नाही, रक्तस्राव होत नाही, पेशंट वॉर्डात जातो आणि विषय संपतो.

आमच्याकडे हे काम क्लिनिकल फार्मसिस्ट मॅडम करतात. त्या रुजू झाल्या तेव्हा अर्ध्या स्टाफला वाटलं, मेडिकलच्या काउंटरवरचं कुणीतरी इकडे आणून बसवलंय, चला, औषधं तरी लवकर मिळतील. ती मिळू लागलीही, पण या सेवेतला तो सगळ्यात किरकोळ भाग. मॅडमचं टेबल स्टोअरमध्ये नाही, रिससच्या, म्हणजे जिवावरच्या पेशंटसाठी ठेवलेल्या, दोन बेडच्या अगदी समोर आहे. डॉक्टरांनी ऑर्डर लिहिली की आधी ती त्यांच्या नजरेखालून जाते. पेशंटचं वजन, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी), ॲलर्जी, आधीपासून चालू असलेली औषधं, हे सगळं बघून मग ती आमच्या हातात येते. जिवावरचाच प्रसंग असेल तर कागदाची वाट न बघता त्या सरळ बेडपाशी येऊन उभ्या राहतात.

सगळ्यात जास्त गुण मी देईन ते औषधांच्या हिस्टरीला. हिस्टरी काय, आम्हीही घ्यायचो. "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" "बीपीची, शुगरची आणि एक पांढरी." केस पेपरवर तेवढंच चढायचं. मॅडम पेशंटच्या शब्दावर थांबत नाहीत. गोळ्यांची पिशवी, जुनं प्रिस्क्रिप्शन, घरी गोळ्या काढून देणारं माणूस, नेहमीचा केमिस्ट, यांतल्या निदान दोन ठिकाणी ताडून बघतात. त्यांचा प्रश्नही "घेता का?" असा नसतो, "शेवटची कधी घेतली?" असा असतो.

एक आजी आल्या होत्या. तोंडभर फोड, पाणी गिळवत नव्हतं, ताप, अंगात त्राण नाही. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पार खाली गेलेल्या. सगळ्यांचं लक्ष इन्फेक्शनकडे, अँटिबायोटिकची ऑर्डर झालेली, आणि ती द्यायलाच हवी होती. मॅडमनी मुलाच्या हातातली पिशवी घेतली, ट्रॉलीवर उपडी केली आणि पत्त्यांचा डाव मांडावा तशा स्ट्रिप्स ओळीने लावल्या. त्यातल्या दोन बाजूला काढल्या. दोन्हींतल्या गोळ्या छोट्या आणि पिवळ्या. फॉलिक ॲसिडची स्ट्रिप जवळजवळ भरलेली. मेथोट्रेक्सेटची रिकामी.

"आजी, ही पिवळी गोळी कधी घेता?"

"रोज घेते गं, एक दिवस चुकवत नाही. सांध्यांची आहे ना ती."

"आणि ही?"

"ती फक्त रविवारी."

नेमकं उलटं झालं होतं. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून बाकीच्या दिवशी फॉलिक ॲसिड. मेथोट्रेक्सेट रोज पोटात गेलं की अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणं थांबवते, तोंडापासून आतड्यापर्यंत आतलं अस्तर सोलवटून निघतं, आणि किडनी मंद असेल तर औषध अंगातून बाहेरही पडत नाही. मॅडमनी तिथल्या तिथे डॉक्टरांना गाठलं आणि फॉलिनिक ॲसिडची इंजेक्शनं सुरू झाली. साधं फॉलिक ॲसिड अशा वेळी कामाला येत नाही, कारण शरीरात ते ज्या टप्प्यावर वापरण्याजोगं होतं तोच टप्पा मेथोट्रेक्सेटने अडवलेला असतो. आजी बऱ्या होऊन घरी गेल्या. डिस्चार्जच्या दिवशी मॅडम वॉर्डात जाऊन मुलाकडून सगळं वदवून घेऊन आल्या, एकदा नाही, दोनदा. मुलगा जरा वैतागलाच होता म्हणे. वैतागू दे.

"शेवटची कधी?" या प्रश्नाची खरी किंमत कळते ती स्ट्रोकच्या पेशंटमध्ये. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं, त्यामुळे सगळे घड्याळाकडे बघत पळत असतात. पण पेशंट रक्त पातळ करणारी नव्या पिढीतली गोळी घेत असेल आणि ती गेल्या ४८ तासांत पोटात गेली असेल, तर हेच इंजेक्शन मेंदूत रक्तस्राव घडवू शकतं. एका काकांच्या मुलीला डॉक्टरांनी विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" ती ठामपणे नाही म्हणाली. खोटं बोलत नव्हती. मॅडमनी तिच्या मोबाइलमधला गोळ्यांचा फोटो मागितला. त्यात अपिक्साबान, म्हणजे रक्त पातळ करणारी तीच नव्या पिढीतली गोळी. "ही होय? ही ठोके नीट पडण्यासाठी आहे, सकाळीच दिली." तिला घरी तसंच सांगितलेलं होतं, आणि ते अर्धं खरंही आहे. ठोके अनियमित असतात म्हणून गुठळी होते आणि गुठळी होऊ नये म्हणून ही गोळी. इंजेक्शन थांबवलं, गुठळी कॅथेटरने, म्हणजे बारीक नळी घालून, ओढून काढता येईल का ते बघायला काकांना पुढे पाठवलं.

इंजेक्शन द्यायचं ठरतं तेव्हाही मॅडमचा हात बघण्यासारखा असतो. गुठळी विरघळवणाऱ्या या औषधाचा, अल्टेप्लेजचा, स्ट्रोकमधला डोस किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, आणि माणूस कितीही वजनदार असला तरी ९० च्या वर जायचं नाही. त्यातला दहावा भाग एका मिनिटात, उरलेला तासाभरात पंपावर. म्हणजे ७० किलोच्या पेशंटला एकूण ६३, त्यातले ६.३ आधी आणि ५६.७ पंपावर. व्हायल, म्हणजे औषधाची बाटली, १०० मिलिग्रॅमची असली तर ३७ जास्तीचे. मॅडम ते जास्तीचे पंप जोडण्याआधीच काढून टाकतात. पंपाचं सेटिंग चुकलं, कुणी बाटली संपेपर्यंत चालू ठेवली, तरी जास्त जायला औषधच शिल्लक नसतं. हार्ट ॲटॅकमध्ये हेच औषध १०० मिलिग्रॅमपर्यंत देतात, त्यामुळे "सगळी व्हायल" ही सवय हाताला लागलेली असते. आणि व्हायल खळखळून हलवायची नाही, नुसती गोल फिरवायची, नाहीतर फेस होतो. हे सगळं आमच्या प्रोटोकॉलच्या कागदावर आधीपासून होतं. पण कागद भिंतीवर असतो आणि मॅडम शेजारी असतात.

श्वासनलिकेत ट्यूब टाकतानाचं काम बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून लिहिते. ट्यूबच्या आधी दोन औषधं जातात, एक गुंगीचं आणि एक स्नायू सैल पाडणारं. एटोमिडेटची गुंगी काही मिनिटांत ओसरते. रोक्युरोनियमने सैल पडलेले स्नायू मात्र पाऊण-एक तास, कधी त्याहूनही जास्त वेळ तसेच राहतात. मधल्या वेळात पुढची गुंगी आणि वेदनाशामक सुरू झालं नाही, तर पेशंट जागा असतो, त्याला सगळं कळतं, दुखतं, आणि पापणीसुद्धा हलवता येत नाही. बाहेरून तो शांत झोपलेला दिसतो. ट्यूब नीट बसली की खोलीतले सगळे हुश्श करतात, एक्स-रे, व्हेंटिलेटर, नातेवाईक यांत गुंततात, आणि नेमकं हेच राहून जाण्याची भीती असते. मॅडम ट्यूब पडायच्या आधीच वेदनाशामक फेंटानिल आणि गुंगीच्या औषधाच्या सिरिंज लेबल लावून तयार ठेवतात. "सिस्टर, पंप सुरू केलात?" हे त्यांचं वाक्य आता मला पाठ झालंय. एवढ्या एका कामासाठीच मी पूर्ण एक तारा देते.

आम्हा नर्सेसच्या सोयीचं म्हणाल तर कोणतं औषध कशात आणि कशाबरोबर, या प्रश्नाला उत्तर द्यायला आता माणूस आहे. फिटचं फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाइनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाइनमध्ये) घातलं की साका धरतो. ठोक्यांसाठीच्या अमिओडॅरोनचं याच्या उलट, ते डेक्स्ट्रोजमध्ये. सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक जात असलेल्या लाइनमधून त्याच वेळी रिंगर लॅक्टेट हे सलाइन नको, कारण त्यातल्या कॅल्शियमशी त्याचं जमत नाही. पूर्वी हे सिनियर सिस्टरला विचारायचं आणि ती दुसऱ्या पेशंटला शिर शोधत असायची.

वॉर्डात बेड नाही म्हणून आमच्याकडेच तासन्‌तास पडून राहिलेले पेशंट हा वेगळा वर्ग. त्यांचा आजचा आजार बघितला जातो, कालपासूनची औषधं मात्र बुडतात. पार्किन्सन्सच्या एका काकांना उलट्या होत होत्या म्हणून मेटोक्लोप्रामाइडची ऑर्डर पडली. मॅडमनी ती थांबवली, कारण त्याने पार्किन्सन्सचा कडकपणा वाढतो. डॉक्टरांनी लगेच दुसरं औषध लिहिलं. मग त्यांनी बघितलं की काकांचे लेव्होडोपाचे, म्हणजे पार्किन्सन्सच्याच गोळीचे, दोन डोस चुकलेत. ती गोळी वेळच्या वेळीच लागते, तास-दोन तास इकडेतिकडे झाले तरी माणूस लाकडासारखा होतो. अमेरिकेतल्या हॉस्पिटल फार्मसिस्टांच्या संघटनेने, एएसएचपीने, २०११ मध्ये इमर्जन्सी फार्मसिस्टच्या कामाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही बेडची वाट बघत पडलेल्या या पेशंटचा उल्लेख आहे. म्हणजे हा घोळ आमच्या एकट्यांचा नाही.

आता तक्रारी. मॅडमचा आवाज बारीक आहे. सीपीआर चालू असताना खोलीत दहा माणसं आणि चार अलार्म असतात, तिथे "ॲड्रिनलिन देऊन तीन मिनिटं झाली" हे खणखणीत सांगायला हवं. हल्ली सुधारणा आहे. दुसरं म्हणजे काही ज्युनियर डॉक्टर आता डोसचं गणित करतच नाहीत, "मॅडम बघतील" म्हणून मोकळे होतात. दोघांनी तपासायचं तर दोघांनी हिशेब करायला हवा. एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने निस्तरायचं, याला दुहेरी तपासणी म्हणत नाहीत. यात दोष मॅडमचा नाही, पण सेवेचा रिव्ह्यू आहे तर हेही आलंच. तिसरं, व्यवस्थापन त्यांना महिनाअखेरीला स्टॉक मोजायला बसवतं. एक्स्पायरीचे बॉक्स मोजायला क्लिनिकल फार्मसिस्ट कशाला लागतो? त्या दिवसांत त्यांचं टेबल रिकामं असतं आणि आम्ही परत भिंतीवरचा कागद वाचतो.

पाचवा तारा मात्र वेळेपायी गेला. सेवा सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. आमच्याकडे खरी झुंबड सुरू होते तीच संध्याकाळी. पाचनंतर मुख्य फार्मसीला फोन करायचा, तिथे कुणीतरी उचलतं, मदतही करतं. पण फोनवर ऑर्डर तपासता येते, पिशवी नाही. त्या आजी रात्री आल्या असत्या तर? अँटिबायोटिक वेळेवर मिळालं असतं, मेथोट्रेक्सेट सकाळी कळलं असतं. एकच पद मंजूर असेल तर ते दुपारी दोन ते रात्री दहा ठेवा, असं आम्ही नर्सेसनी सह्या करून लेखी दिलंय. सकाळी सल्ला द्यायला मोठे डॉक्टर असतात, वॉर्डातले फार्मसिस्ट असतात, रात्री आठला कुणी नसतं. उत्तर आलं आहे: विचाराधीन.

तोवर संध्याकाळनंतर येणाऱ्यांना एवढीच विनंती की गोळ्या डबीत सुट्या भरून आणू नका, स्ट्रिपसकट आणा, आणि रक्त पातळ करणारी, शुगरची व फिटची गोळी शेवटची किती वाजता दिली ते लिहून आणा. फोटो दाखवणार असाल तर नाव छापलेल्या बाजूचा काढा. नुसत्या गोळ्या दिसणाऱ्या बाजूचे फोटो आम्हाला रोज येतात आणि त्यांत सगळ्याच पांढऱ्या असतात.