उन्हाळी सुपाऱ्यांच्या ढोलाला कोणतं पान? चामडं, फायबर आणि दोरी यांचा हिशेब

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेपासून वैशाखातल्या शेवटच्या लग्नतिथीपर्यंत नाशकातल्या ढोलपथकांना उसंत नसते. मध्ये रामनवमी, कामदा एकादशीचे राम आणि गरुडाचे रथ, अक्षय्य तृतीया, महाराष्ट्र दिन. गणपतीत ढोलाचं भांडण मुख्यतः पावसाशी असतं. उन्हाळ्यात तसं नाही. एकाच आठवड्यात ढोल नाशिकच्या कोरड्या उन्हात वाजतो, कसारा घाट उतरून मुंबई-ठाण्याच्या दमट रात्री वाजतो आणि उलट फिरून धुळे-जळगावच्या चाळिशी ओलांडलेल्या दुपारीही वाजतो. म्हणून पान, म्हणजे ढोलाच्या तोंडावर ताणून बसवलेला पडदा, घेताना आवाज ऐकण्याआधी सुपाऱ्या, म्हणजे वाजवायची ठरलेली कामं, कुठल्या गावच्या आहेत ते बघावं. बाजारात मिळणारा माल या एकाच कसोटीवर तपासला तर निवड बरीच सोपी होते.

थापेच्या, म्हणजे हातानं वाजवायच्या बाजूला बकऱ्याच्या चामड्याच्या पानाला आजही तोड नाही. घुमारा लांबतो, हाताला पान उलट मारत नाही आणि तासाभरानंतरही पंजा झिणझिणत नाही. पण चांगलं पान ओळखून घ्यावं लागतं. ते उजेडासमोर धरा. सोलताना सुरी लागली असेल तर तिथे पांढरट, पातळ रेघ दिसते आणि पान पुढे तिथूनच फाटतं. कण्याची गडद पट्टी बरोबर मधोमध आली पाहिजे. कण्यावर चामडं जाड असतं. पट्टी एका अंगाला सरकली असेल तर तो ढोल कितीही ताणला तरी दोन बाजूंना दोन आवाज देतो. कडेला चिमटीत धरून चारही अंगांना जाडी सारखी लागते का बघा. पान ज्यावर बसतं त्या रिंगवरून दुमडून आत येईल इतकं जास्तीचं चामडंही हवं. दुकानदार काटकसरीनं कापलेलं पान स्वस्तात देतात, पण ओल्यात बसवताना ते रिंगमधून निसटतं.

बसवणावळ किती पडेल यापेक्षा पान सुकायला किती वेळ देणार, हे कारागिराला आधी विचारा. सकाळी ढोल टाकून संध्याकाळी घेऊन जा म्हणणाऱ्याकडे चामड्याचं काम देऊ नये. पान गार पाण्यात रात्रभर भिजवायचं. पाणी गरम चालत नाही, त्यानं चामडं आकसून कडक होतं. ओलं असताना दोरी फक्त सुरकुत्या जाण्याइतकी ओढायची आणि ढोल सावलीत किमान एक पूर्ण दिवस ठेवायचा. सुकताना पान आपण होऊन आवळतं. ओल्यातच पूर्ण ताण दिला तर सुकताना त्याला सरकायला जागा उरत नाही आणि ते रिंगच्या कडेला उभं फाटतं. उन्हात सुकवलं तर वरचा पापुद्रा आधी सुकतो, खालचा मागे राहतो आणि पान वाकडं बसतं. पूर्ण सुकल्यावर ताण दोन-तीन टप्प्यांत चढवायचा. दोरीतली ताण द्यायची एक कडी ओढली की पुढची बरोबर समोरची. ओळीनं ओढत गेलं की रिंग तिरकी होते. शेवटी कडेपासून दोन बोटं आत, प्रत्येक कडीसमोर टिचकी मारून ऐकायचं. सगळीकडे एकच स्वर लागला तर काम झालं.

आता या पानाचा दोष, आणि उन्हाळ्यात तो महागात पडतो. चामडं हवेतला दमटपणा पिऊन सैल होतं आणि कोरड्या हवेत आवळतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे आणि एप्रिल-मेच्या दुपारी इथली हवा खडखडीत असते. इथे लावलेला ढोल ठाण्यात उतरवला की तासाभरात सैल होऊन बसतो. वादक मग तो जीव लावून ओढतात. तोपर्यंत ठीक असतं. खरी गडबड परतीच्या वाटेवर होते: मिरवणूक संपते, सगळे थकलेले असतात, ढोल तसेच ताणलेले टेम्पोत जातात. घाट चढून सकाळी कोरडी हवा लागली की ते पान आणखी आवळतं आणि कुणी हात न लावता ‘फट्’ करून जातं. चामडं खराब निघालं असं म्हणून दुकानदाराकडे जाण्यात अर्थ नसतो. खाली वाजवून झालं की टेम्पोत चढवण्याआधी प्रत्येक कडी सैल करायची, एवढाच यावर उपाय. खाली जाताना इथे ताण थोडा कमी ठेवा, पोचल्यावर ढोल तासभर तिथल्या हवेत उघडे ठेवा आणि मगच ताण चढवा. हॅलोजनसमोर किंवा शेकोटीवर पान तापवून आवाज चढतो खरा, पण तो थोड्या वेळात उतरतो आणि तापलेली बाजू ठिसूळ होते. धुळे-जळगावच्या दौऱ्यात दोन-तीन दिवस सलग कोरडी हवा असेल तर पानाच्या बाहेरच्या बाजूला एरंडेल तेलाचं बोट फिरवून फडक्यानं लगेच पुसून घ्यावं. जास्त लावलं तर घुमारा मरतो.

टिपरूच्या, म्हणजे काठीनं वाजवायच्या बाजूला मात्र फायबरचंच पान घ्यावं, इथे आमच्या मनात शंका नाही. दुकानात फायबर म्हणून जे मिळतं ते बहुतेक पॉलिएस्टर फिल्मचं असतं. दमट हवेचा त्याच्यावर परिणाम जवळपास नसतो, त्यामुळे ठाणे आणि जळगाव दोन्हीकडे ठोका तोच राहतो. घेताना मायक्रॉन विचारा. २५० मायक्रॉन, म्हणजे पाव मिलिमीटर, टिपरूचा मार सोसते. १८८ मायक्रॉनची फिल्म हातात हलकी लागते, आवाज चटकदार देते, पण रोजच्या मिरवणुकीत तिच्यावर लवकर खळगे पडतात. एकदा खळगा पडला की तिथली फिल्म ताणून पातळ झालेली असते. दोरी ओढून ती सपाट होत नाही, पान बदलावंच लागतं.

फायबरचा शत्रू ऊन. बंद टेम्पो दुपारभर उन्हात उभा राहिला की आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच वर जातं. ताणलेली फिल्म त्या उष्णतेत लांबते आणि थंड झाल्यावर पूर्ण मूळ जागी येत नाही. रिंगला फिल्म चिकटवलेली असेल तर गोंद मऊ होऊन कड सुटते. म्हणून रिंगमध्ये दाबून बसवलेलं पान घ्या आणि नुसतं चिकटवलेलं टाळा. टेम्पो सावलीत लावता येत नसेल तर वरून द्राक्षबागवाले वापरतात तसलं हिरवं शेडनेट टाका. ताडपत्री चालणार नाही, तिच्याखाली हवा कोंडते.

नवं पान आठवड्यात फाटलं तर आधी ढोलाचा काठ बघा. पत्रा कापल्यावर काठाला बारीक कूस राहते. डोळ्याला ती दिसत नाही, बोटालाही लागेलच असं नाही. कापसाचा बोळा काठावरून सावकाश फिरवा. जिथे तंतू अडकतात तिथे कूस आहे. तेवढा भाग बारीक पॉलिश पेपरनं घासा आणि पुन्हा कापूस फिरवा. नवीन ढोल विकताना हे काम करून देणारा कारागीर मिळाला तर त्याला सोडू नका.

दोरीकडे पथकं फारसं लक्ष देत नाहीत, आणि निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. सुती दोरी ओली झाली की आखडते, म्हणजे चामडं सैल होत असतानाच ती ताण वाढवते. कुठल्या ढोलाचं काय होईल याचा भरवसा राहत नाही. नायलॉन मजबूत आहे, पण लांबते. आज लावलेला ढोल उद्या उतरलेला असतो. दुकानात सगळ्यात स्वस्त असते ती पॉलिप्रॉपिलीनची चकचकीत दोरी. ती उन्हानं लवकर कुजते आणि तिचे तंतू हातात टोचायला लागतात. गुंफलेली पॉलिएस्टर दोरी घ्यावी, सहा ते आठ मिलिमीटरची. ती कमी लांबते आणि उन्हात टिकते. नवी दोरी एकदा ओढून, एक रात्र ठेवून, पुन्हा ओढायची. पहिला सैलपणा त्यात निघून जातो.

ताशाबद्दल थोडक्यात. त्याच्या पानाचे नटबोल्ट प्रवासात हादऱ्यानं सैल होतात. स्प्रिंग वॉशर घाला आणि पाना ताशेवाल्याच्याच खिशात असू द्या. काड्या फायबरच्या असोत की वेताच्या, जोड्या वजनानं जुळवून घ्या. तोलात फरक असला की तर्रीला, म्हणजे ताशाच्या सलग जलद वाजवण्यात, उजवा-डावा वेगळा ऐकू येतो.

कानाची सोय पथकाच्या खरेदीत धरलेलीच नसते, ती धरा. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज ८५ डेसिबलच्या पुढे गेलेला असतो. अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) या कामगारांच्या आरोग्याचं बघणाऱ्या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. थ्री-एम कंपनीचे ११०० क्रमांकाचे फोमचे बोळे औषधाच्या किंवा कारखान्याला माल पुरवणाऱ्या दुकानात मागा. आवाज २९ डेसिबलनं कमी होतो असं पाकिटावर लिहिलेलं असतं. प्रत्यक्ष वापरात साधारण ११ धरून चाला. बोळा चिमटीत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढायचा, आत सारून अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा. नुसता कानात टोचलेला बोळा काही कामाचा नाही. ढोलवाल्यांना हा पुरतो. ताशेवाल्यांची अडचण खरी आहे: फोम तीक्ष्ण आवाज जास्त खातो, त्यामुळे तर्री गढूळ ऐकू येते. त्यांच्यासाठी सगळे स्वर सारखे कमी करणारे वादकांचे बोळे वेगळे मिळतात, ते महाग असले तरी घ्यावेत.

पाण्याबरोबर ओआरएस ठेवताना पुडी बघून घ्या. इलेक्ट्रलची २१.८ ग्रॅमची पुडी एक लिटरसाठी असते, ४.४ ग्रॅमची २०० मिलिलिटरसाठी. लहान पुडी लिटरभर बाटलीत टाकली तर ते नुसतं चवीचं पाणी होतं. मोठी पुडी ग्लासात घातली तर मीठ इतकं होतं की तहान आणि मळमळ दोन्ही वाढतात.

टिपरूच्या हाताला अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये कापडी चिकटपट्टी सुरुवातीलाच लावावी. फोड आल्यावर लावलेली पट्टी घामानं सरकते आणि कातडी घेऊन निघते. कंबरपट्टा रुंद घ्या आणि आतून सुती कापड शिवून घ्या. रेक्झिनचा पट्टा ओल्या कुर्त्यावर सरकतो आणि ढोल एका मांडीवर येतो.

दहा ढोलांमागे फायबरची दोन पानं आणि चामड्याचं एक, तेही आधीच रिंगवर बसवून सुकवलेलं, टेम्पोत हवं. कोरं चामडं बरोबर नेण्यात अर्थ नाही, ते भिजवून सुकेपर्यंत वरात घरी पोचलेली असते. सुपारी घेताना वेळही लिहून घ्या: ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर वाजवता येत नाही. वरात उशिरा निघाली तर पैसे कसे ठरणार, हे कागदावर असलेलं बरं.