गुलामांच्या मुक्तीचा धडा: विल्यम्सबर्गला न्यावं की हार्डीच्या शेतावर?

व्हर्जिनियात किंवा वॉशिंग्टन डीसीच्या आसपास राहून मुलांना घरीच शिकवणाऱ्या मराठी पालकांमध्ये इतिहासाच्या सहलीचा विषय निघाला, की पहिलं नाव येतं कलोनियल विल्यम्सबर्गचं. साहजिक आहे. तीनशे एकरांचं अख्खं गाव, जुन्या वेशातली माणसं, लोहार, छापखाना, घोडागाड्या. शिवाय होमस्कूलच्या मुलांसाठी सवलतीचे खास दिवस. पण धडा ‘गुलामांची मुक्ती’ हाच असेल तर रोआनोकच्या आग्नेयेला हार्डी गावाजवळ एक तंबाखूचं शेत आहे, आता राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलेलं. बुकर टी. वॉशिंग्टन तिथे जन्मले. जॉर्ज कार्व्हरची गोष्ट वाचलेल्या मराठी मुलांना ते टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे प्राचार्य म्हणून ठाऊक असतात. या दोन्हींपैकी एकच जमणार असेल, तर माझं मत हार्डीच्या बाजूने आहे.

विल्यम्सबर्गची मुख्य अडचण म्हणजे तिथलं घड्याळ १७७० च्या दशकात थांबलेलं आहे. लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा १८६३ चा, आणि गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली डिसेंबर १८६५ मध्ये. तिथे दिसते ती त्याआधीची, अटी घालून देऊ केलेली सुटका. नोव्हेंबर १७७५ मध्ये इंग्रज गव्हर्नर डनमोरने जाहीर केलं की बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या बाजूने शस्त्र धरतील ते मोकळे. राजनिष्ठ मालकांच्या गुलामांना यातलं काहीच नव्हतं. शेकडो लोक जिवावर उदार होऊन त्याच्याकडे पोचले आणि त्यातले कितीतरी देवीच्या साथीत गेले.

पेटन रँडॉल्फच्या घरात हा मामला माणसांच्या नावानिशी कळतो. हे रँडॉल्फ म्हणजे कॉन्टिनेन्टल काँग्रेसचे, म्हणजे इंग्रजांविरुद्ध एकत्र आलेल्या वसाहतींच्या सभेचे, पहिले अध्यक्ष. त्यांच्या घरातली ईव्ह इंग्रजांकडे पळाली, पुढे पुन्हा रँडॉल्फ कुटुंबाच्या हाती लागली, आणि मालकीण बेटीने मृत्युपत्राच्या पुरवणीत नोंद केली की ईव्हच्या वागणुकीमुळे तिला विकणं भाग पडलं. बारा-तेरा वर्षांच्या मुलापुढे ही नोंद ठेवा आणि गप्प राहा. स्वातंत्र्याच्या लढ्यातल्या पुढाऱ्याच्याच घरात हे चाललं होतं, हे ते मूल स्वतःच बोलून दाखवतं.

घरी शिकवणाऱ्यांनी तिथली ब्रे स्कूलची इमारत चुकवू नये. १७६० मध्ये सुरू झालेल्या या शाळेत अ‍ॅन वेगर नावाची बाई गुलाम आणि मोकळ्या कृष्णवर्णीय मुलांना वाचायला शिकवत असे. हेतू ख्रिस्ती धर्म आणि आज्ञापालन अंगी बाणवण्याचा. पण एकदा अक्षरं कळली की माणूस काय वाचेल ते कोणाच्या हातात राहतं? मूळ इमारत २०२० मध्ये ओळखली गेली आणि २०२३ मध्ये उचलून आताच्या जागी आणली.

आता हार्डी. देखावा म्हणावा असं इथे फार काही नाही. मालक बरोज कुटुंबाचं घर उरलेलं नाही, गुलामांची केबिन नव्याने बांधलेली आहे. डुकरं, मेंढ्या, कोंबड्या, तंबाखूची कोठी, आणि सगळ्याला वळसा घालणारी पाव मैलाची पायवाट. विल्यम्सबर्ग पाहून आलेली मुलं आधी ‘एवढंच?’ म्हणतील. म्हणू द्या.

कारण इथल्या गुलामांना मुक्तीची बातमी याच आवारात वाचून दाखवली गेली, आणि ती ऐकणारा मुलगा नऊ वर्षांचा होता. वॉशिंग्टन यांनी आत्मचरित्रात लिहिलंय की सगळ्यांना मोठ्या घरापाशी बोलावलं, कोणी परका माणूस, बहुधा सैन्यातला अधिकारी, उभा राहिला, त्याने एक लांबलचक कागद वाचला आणि सांगितलं की तुम्ही मोकळे आहात. आईने वाकून मुलांचे मुके घेतले; तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुढचा भाग तर सहसा कोणी शिकवतच नाही: जल्लोष ओसरल्यावर लोक केबिनीत परतले तेव्हा चेहरे उतरले होते. आता राहायचं कुठे, खायचं काय, मुलांना वाढवायचं कसं? काही म्हातारे तर हळूच मालकाशी बोलायला मोठ्या घराकडे गेले.

याच शेताची १८६१ मधली मालमत्तेची यादी आहे. मालक वारल्यावर केलेली. तीत बुकर नावाच्या पोराची किंमत लावली आहे चारशे डॉलर. मुलांना आधी हा कागद दाखवा, मग केबिनीच्या मातीच्या जमिनीवर उभं करा. नव्या सदऱ्याची गोष्टही तिथेच सांगावी: जवसाच्या धाग्याचं ते जाडंभरडं कापड अंगाला काट्यांसारखं टोचायचं, म्हणून थोरला भाऊ जॉन बुकरचा नवा सदरा आधी स्वतः घालून मऊ करून देई. सात वर्षांच्या मुलीलाही गुलामीतलं बालपण यातून कळतं; साखळ्या आणि चाबूक दाखवण्याची गरज पडत नाही.

मुक्तीनंतर हे कुटुंब डोंगर ओलांडून वेस्ट व्हर्जिनियातल्या माल्डनला गेलं, आणि पोर मिठाच्या भट्टीवर कामाला लागलं. मुक्तीचा दिवस आणि पोट भरण्याचा दिवस वेगळे असतात, हे त्यातून आपोआप निघतं.

खर्चाचं म्हणाल तर हार्डीला प्रवेश फुकट. विल्यम्सबर्गच्या रस्त्यांवरून तिकिटाशिवाय हिंडता येतं, पण घरांच्या आत जायला आणि कार्यक्रमांना तिकीट लागतं, आणि चौघांच्या कुटुंबाला ते जाणवतं. अंतर मात्र विल्यम्सबर्गच्या बाजूने आहे. डीसीकडून तिथे अडीच-तीन तास, हार्डीला चारहून जास्त. शिवाय शेतावर मुक्कामाची सोय नाही, ती आसपासच्या गावांत शोधावी लागते. माणसांचा फरकही मोठा. विल्यम्सबर्गला गुलामीत धर्मोपदेशक झालेला गोवन पँफ्लेट साकारणारे कसलेले कलाकार आहेत, मुलं त्यांना थेट प्रश्न विचारतात. हार्डीला एखादा रेंजर भेटला तर भेटला. तिथे शिकवायचं तुम्हालाच, तयारी करून जायचं. हे ज्यांना नकोसं वाटतं त्यांनी सरळ विल्यम्सबर्ग धरावं, त्यात कमीपणा नाही.

कुठेही गेलात तरी मुलांना ‘गुलाम बनवून’ खेळवू नका. इंडियानातल्या कॉनर प्रेअरी या इतिहास-संग्रहालयात पाहुण्यांनी रात्री पळणाऱ्या गुलामांची भूमिका घ्यायचा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला, आता तो बंद आहे. विल्यम्सबर्गलाही १९९४ मध्ये चार जणांच्या लिलावाचा प्रसंग उभा केला तेव्हा आधी निदर्शनं झाली. तो प्रयोग कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी विचारपूर्वक केला होता, तरीही वाद पेटला. मोठ्यांनी पाहणं वेगळं; आठ वर्षांच्या मुलाला अंधारात ‘पळ’ म्हणून ओरडण्यात त्याला फक्त भीती कळते.

विल्यम्सबर्ग ठरलंच, तर तासाभरापेक्षा कमी अंतरावरचं फोर्ट मन्रो त्याच सहलीत घ्या. यादवी युद्धात हा किल्ला उत्तरेच्या सैन्याकडे होता. मे १८६१ मध्ये फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे गुलाम रात्री होडीतून किल्ल्यावर आले. जनरल बटलर यांनी त्यांना परत दिलं नाही. मालक गुलामांना मालमत्ताच मानत, आणि शत्रूची मालमत्ता युद्धात जप्त करता येते, हाच वकिली मुद्दा बटलर यांनी मालकावर उलटवला. बातमी फुटली आणि लोकांची रांग लागली. जवळच हॅम्प्टन विद्यापीठाच्या आवारात तो ओक वृक्ष आहे ज्याच्याखाली १८६३ मध्ये जाहीरनामा वाचला गेला असं सांगतात. गंमत अशी की एलिझाबेथ सिटी हा तिथला परगणा त्या जाहीरनाम्यातून वगळलेलाच होता. दहाच्या पुढच्या मुलांना जाहीरनाम्याची ती वगळलेल्या परगण्यांची यादी वाचायला द्या आणि नकाशावर रंगवायला सांगा.

लहानांबरोबर हार्डीला जाणार असाल तर घरून एक गोष्ट करून निघा: जोतीराव फुल्यांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना ती अर्पण केली आहे. पुण्यातल्या माणसाला ही बातमी इतकी जवळची का वाटली, हा प्रश्न गाडीतल्या चार तासांना पुरतो. आणि निघण्याआधी शेत उघडं असण्याचे दिवस तेवढे पाहून घ्या.