गर्भनिरोधक गोळ्या: घेताना आणि बंद केल्यावर पाळीचं काय झालं

लग्नानंतर लगेच मूल नको होतं, म्हणून दीड-दोन वर्षं गोळ्या घेतल्या. बंद करूनही आता काही महिने झालेत. आमच्या कोल्हापुरात या विषयावर बायका दबक्या आवाजात बोलतात आणि निम्म्याहून जास्त भीतीच वाटून घेतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

राजारामपुरीतल्या डॉक्टर मॅडमनी आधी बीपी बघितलं. अर्धशिशी आहे का, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्यात का, हे विचारलं आणि मगच चिठ्ठी दिली. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, थेट मेडिकलमधून पाकीट उचलू नका. माझ्या गोळीत एथिनिल एस्ट्रॅडिऑल आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल ही दोन हार्मोन होती, माला-डी या गर्भनिरोधक गोळीतही हीच असतात. पाकिटात 28 गोळ्या: 21 हार्मोनच्या, 7 लोहाच्या.

सुरुवातीला मळमळ आणि मधेच डाग. रात्री जेवणानंतर घ्यायला लागले तशी मळमळ थांबली, डागही दोन-तीन महिन्यांत गेले. पोटदुखी तर इतकी कमी झाली की पाळीच्या दिवसांतही कामाला जाता यायचं.

पण अंगावरून जाणं कमी झालं आणि आईला घोर लागला. 'आत साठून राहतंय बघ' म्हणायची. तसं काही साठत नाही. गोळी अंडं तयार होणं थांबवते आणि गर्भाशयाचं अस्तर पातळच ठेवते. मुळात कमी तयार होतं, म्हणून कमी जातं. लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात येतो तो रक्तस्राव हार्मोन थांबल्यामुळे येतो, ती आपली नैसर्गिक पाळी नव्हे. त्यामुळे गोळीवर तारीख चुकत नाही म्हणजे आपलं चक्र नियमित झालं, असं समजू नये. माझ्या नणंदेला पीसीओडी आहे, म्हणजे अंडाशयाचा त्रास, ज्यात पाळी अनियमित होते. गोळ्या होत्या तोवर सगळं वेळेवर, बंद केल्यावर पुन्हा दोन-दोन महिने पत्ता नाही. घरात गोळीलाच दोष दिला गेला, पण तिची पाळी आधीही तशीच होती. गोळीनं ते फक्त झाकलं होतं.

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनासाठी बायका पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात, त्या बहुतेक वेळा नोरेथिस्टेरॉन या हार्मोनच्या. त्या वेगळ्या, त्यांच्यावर गर्भ राहणार नाही असं धरून चालू नका. मला मॅडमनी लोहाच्या गोळ्या सोडून थेट पुढचं पाकीट सुरू करायला सांगितलं होतं आणि ते व्यवस्थित जमलं.

आता बंद केल्यानंतरचं. सासूबाईंची धास्ती एकच, 'गोळ्यांनी पिशवी खराब होते, मग दिवस राहत नाहीत.' त्यांनी हे मनापासून, माझ्या काळजीनंच म्हटलं होतं, म्हणून त्यांना सोबत घेऊनच मॅडमकडे गेले. मॅडम म्हणाल्या, गोळीचा असर शरीरात साठत नाही, बहुतेकींचं अंडं काही आठवड्यांतच पुन्हा सुटायला लागतं. वर्षभरात दिवस राहण्याचं प्रमाण गोळी कधीच न घेतलेल्या बायकांइतकंच असतं. उशीर लागतो तो दर तीन महिन्यांनी घ्यायच्या 'अंतरा' नावाच्या गर्भनिरोधक इंजेक्शननंतर, आणि तोही कायमचा नसतो. सासूबाईंनी स्वतः दोन प्रश्न विचारले आणि घरी येऊन तेच जाऊबाईंना समजावून सांगितलं. मला फार बरं वाटलं.

माझी पहिली खरी पाळी पाचेक आठवड्यांनी आली. जास्त गेलं, पोटही जुन्यासारखं दुखलं. पुढची लांबली, नंतर हळूहळू लग्नाआधीच्या वेळापत्रकावर आली. तीन महिने पाळीच आली नाही तर मात्र दाखवायला जा. आणि एक ध्यानात ठेवा: पहिली पाळी यायच्या आधीच अंडं सुटतं, त्यामुळे पाळी न येताही दिवस राहू शकतात. मूल नको असेल तर बंद केल्या दिवसापासून दुसरी सोय हवी.

आम्हाला आता मूल हवंय. फॉलिक ॲसिड सुरू आहे. मॅडमनी वर्षभर निवांत वाट बघायला सांगितलंय; पस्तिशी ओलांडली असती तर सहा महिन्यांनीच या म्हणाल्या असत्या.