म्हापशातील औषध व्यवसाय आणि बाहेरून घेतलेली संगणक देखभाल: वर्षभराच्या कराराचे परीक्षण

आमचा औषधांच्या घाऊक विक्रीचा व्यवसाय म्हापशात आहे आणि फोंडा व मडगाव येथे आमची गोदामे आहेत. तिन्ही ठिकाणी मिळून तीसेक संगणक, एक सर्व्हर, बिले छापणारे प्रिंटर आणि त्यांना जोडणारे नेटवर्क एवढा पसारा आहे. यांची देखभाल पूर्वी आमचाच पगारी तंत्रज्ञ करीत असे. त्याला पुण्यात चांगली संधी मिळाल्यावर आम्ही नवा माणूस न नेमता पणजीतील एका संस्थेशी वार्षिक करार केला. हे परीक्षण सेवेच्या पद्धतीचे आहे, म्हणून संस्थेचे नाव देत नाही.

आमच्या कामात संगणक बंद पडण्याचा अर्थ काय होतो, हे आधी सांगायला हवे. औषधाच्या बिलात बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख नोंदवावी लागते. त्यातच, वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर असलेल्या व्यापाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून जीएसटीचे ई-इन्व्हॉइस बंधनकारक झाले आहे, म्हणजे फार्मसीला जाणाऱ्या प्रत्येक बिलाची नोंद सरकारी पोर्टलवर होऊन त्याचा क्रमांक आणि क्यूआर कोड परत यावा लागतो. सर्व्हर किंवा इंटरनेट बंद असेल तर गोदामात माल रचलेला असूनही गाडी भरता येत नाही.

रोजच्या किरकोळ तक्रारींच्या बाबतीत बाहेरची सेवा आमच्या जुन्या व्यवस्थेपेक्षा निःसंशय सरस ठरली. प्रिंटर अडणे, टॅली न उघडणे, ईमेल न जाणे अशी कामे त्यांचा माणूस एनीडेस्कवरून (दूरचा संगणक इंटरनेटवरून हाताळण्याचे सॉफ्टवेअर), बसल्या जागेवरून करून देतो. पूर्वी आमचा तंत्रज्ञ मडगावला गेला की म्हापशाचे काम थांबत असे आणि तो रजेवर असला की दोन्हीकडचे. शिवाय सर्व्हर, फायरवॉल (बाहेरच्या घुसखोरीपासून नेटवर्कचे रक्षण करणारी यंत्रणा) आणि नेटवर्क यांची वेगवेगळी जाण असलेली माणसे एका करारात उपलब्ध होतात. एकाच माणसाकडून एवढ्या सगळ्यांत प्रावीण्याची अपेक्षा करणे त्या माणसावरही अन्यायाचे आहे.

पावसाळ्यात मात्र चित्र बदलते. जूनपासून गोव्यात विजेचा लपंडाव सुरू होतो, यूपीएसच्या बॅटऱ्या वारंवार रिकाम्या होऊन लवकर निकामी होतात आणि गडगडाटाच्या दिवसांत अर्थिंग नीट नसेल तर तारेवाटे आलेल्या झटक्याने नेटवर्कचा स्विच (संगणक एकमेकांना जोडणारी पेटी) किंवा इंटरनेटचा राऊटर जळतो. इंटरनेटच बंद असताना दूरून दुरुस्ती करणे शक्य नसते, प्रत्यक्ष माणूसच यावा लागतो. झुआरी नदीवरचा नवा पूल झाल्यापासून पणजीहून मडगावला पोचणे पुष्कळ सुकर झाले आहे. तरीही मुसळधार पावसात एकाच सकाळी अनेक ग्राहकांकडून बोलावणे आले की आमचा क्रम कितवा लागेल हे आमच्या हातात राहत नाही. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवसांत तर सारा गोवा घरी असतो. त्या काळात तातडीच्या कामाला कोण येणार, याचा एका शब्दाचाही उल्लेख आमच्या करारात नव्हता, आणि नेमक्या त्याच सुमारास मडगावचा स्विच गेल्यावर संस्थेने सणानंतरची वेळ दिली.

करार वाचताना सर्वांत अधिक लक्ष द्यावे असे कलम वेळेचे आहे. ‘चार तासांत प्रतिसाद’ याचा अर्थ चार तासांत फोन येईल किंवा तक्रार नोंदवली जाईल एवढाच असू शकतो. बिघाड केव्हा दूर होईल, हे वेगळे लिहून घ्यावे लागते. सुटे भाग करारात धरलेले आहेत की नाहीत, यावरही वर्षाचा खरा खर्च ठरतो. आमच्या करारात ते धरलेले नाहीत आणि बॅटऱ्यांचा खर्च वेगळा आला. तो धरूनही एकूण रक्कम एका अनुभवी तंत्रज्ञाचा पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस यांच्या बेरजेपेक्षा कमी भरली. सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो, पण त्याचे इनपुट क्रेडिट आम्हांला मिळते, म्हणजे तो आमच्या देय जीएसटीतून वजा होतो.

खर्चापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो ताब्याचा प्रश्न. सर्व्हरचा आणि फायरवॉलचा अॅडमिन पासवर्ड, डोमेनची नोंदणी, सॉफ्टवेअरचे परवाने आणि बॅकअपच्या चाव्या कोणाच्या नावावर आहेत? संस्थेने सुरुवातीला हे सर्व आपल्याकडे ठेवण्याची तयारी दाखवली, तीही सोयीच्या भावनेने. आम्ही ते मान्य केले नाही आणि सर्व खाती व्यवसायाच्याच नावावर ठेवली. ग्राहकांची माहिती बाहेरच्या संस्थेने हाताळली तरी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा जबाबदारी मूळ व्यवसायावरच ठेवतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत तिला कळवावी लागते. ही मुदत पाळायची तर संस्थेने आम्हांला तत्काळ कळवणे आवश्यक आहे, आणि तसे बंधन कराराच्या नमुन्यात मुळीच नव्हते. ते आम्ही घालून घेतले.

बॅकअपच्या कामाला मी पूर्ण गुण देईन. रोज रात्री सर्व्हरची प्रत निघते, एक प्रत फोंड्याच्या गोदामात आणि एक क्लाऊडवर जाते. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे आमच्या आग्रहावरून त्यांनी ती प्रत दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून, जुनी बिले काढून दाखवली. रॅन्समवेअरने (खंडणीसाठी माहिती अडवून ठेवणाऱ्या घातक सॉफ्टवेअरने) सर्व्हर कुलूपबंद केला तर उपयोगी पडेल ती उघडून पाहिलेली प्रतच. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्याच्या आधी कोणते संगणक बदलावे लागतील आणि कोणते विंडोज ११ वर जातील, याची यादीही त्यांनी वेळेत दिली. आमचा एकटा तंत्रज्ञ रोजच्या धावपळीत हे करू शकला नसता.

उणीव राहते ती ओळखीची. दर वेळी नवा मुलगा येतो आणि कोणती तार कोणत्या खोलीत जाते, हे त्याला पुन्हा सांगावे लागते. म्हणून आमच्या लेखा विभागातील एका सहकाऱ्याकडे आम्ही हे काम रीतसर सोपवले आहे: नेटवर्कचा नकाशा अद्ययावत ठेवणे, तक्रारी नोंदवणे, जादा स्विच आणि राऊटर तिन्ही ठिकाणी तयार ठेवणे आणि ते बदलता येण्याइतके शिकून घेणे. तिला त्यासाठी वेगळा भत्ता दिला जातो. त्यानंतर मडगावचा राऊटर पुन्हा जळाला, तेव्हा तिने फोनवरून गोदामातील माणसाकडून तो बदलून घेतला आणि दुपारच्या गाड्या वेळेवर सुटल्या.

पंधरा ते चाळीस संगणक असलेल्या गोव्यातील व्यवसायाला मी हीच रचना सुचवीन. ज्यांचा कारखाना रात्रपाळीत चालतो, उदाहरणार्थ वेर्णा किंवा कुंडई येथील उत्पादक, त्यांना स्वतःचा माणूस जागेवर हवाच. आम्ही करार आणखी एका वर्षासाठी वाढवला आहे. त्यात चवथीच्या दिवसांतील तातडीची सेवा, दुरुस्तीची कमाल मुदत आणि दर तीन महिन्यांनी बॅकअप उघडून दाखवणे ही कलमे नव्याने घातली आहेत, आणि पहिल्या कलमासाठी मागितलेली जादा रक्कम आम्ही घासाघीस न करता मान्य केली.