चाकाची तण-आकडी : नऊ महिने, एक पावसाळा आणि वीस रुपयांची क्लिप

पेव्हिंग ब्लॉकच्या फटींतले तण उभ्याने काढता यावे म्हणून लांब दांड्याची, पुढे दोन चाके आणि त्यांच्यामध्ये वाकडे पोलादी पाते असलेली जी आकडी हल्ली ऑनलाइन मिळते, ती मी गेल्या एप्रिलच्या अखेरीस १,३४९ रुपयांना घेतली. तिचे वजन, पात्याची लांबी, सोबत येणारा तारेचा ब्रश ही माहिती वाचकांना असेलच. मला सांगायचे आहे ते मुख्यतः एका प्लॅस्टिकच्या कडीविषयी. दांडा हवा तेवढा लांब करून जिला पीळ दिला की तो घट्ट बसतो असे खोक्यावरच्या चित्रात दाखवले आहे, ती ही कडी. आणि नऊ महिन्यांत तिने माझ्या डोक्यात जितकी जागा अडवली, तितकी अंगणात तणानेही अडवली नसेल.

सातारा शहरालगत आमच्या घरापुढे सुमारे सातशे चौरस फूट अंगण आहे. तेथे २०१७ साली ६० मिलिमीटर जाडीचे, बाजारात ज्यांना झिगझॅग म्हणतात असे नागमोडी कडांचे ब्लॉक बसवले. एका रिकाम्या दुपारी हिशेब मांडला, तेव्हा एवढ्याशा अंगणात फटींची एकूण लांबी नऊशे मीटरच्या घरात जाते असे निघाले, आणि खुरपणीला आलेल्या बाई दर वेळी कपाळाला हात का लावत असत तेही कळले. गुडघ्यांमुळे मला आता उकिडवे बसवत नाही. बाईंची दिवसाची मजुरी चारशे रुपये, तीही पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी. म्हणजे चार खेपांत आकडीचे पैसे फिटतात, या गणिताच्या जोरावर खरेदी झाली.

खरेदीनंतर चौथ्याच दिवशी मी पाच तारे देऊन एक भारावलेला अभिप्राय लिहिला होता. त्याबद्दल दिलगीर आहे. मे महिन्यात आमच्या अंगणात वाळलेली हरळी आणि चार-दोन दुधीची (भोपळा नव्हे, तण) रोपे यांखेरीज काही नव्हते, फटींतली माती दगडासारखी घट्ट झाली होती, आणि पाते वरून सरकत जे ओरबाडत होते त्यालाच मी तण काढणे समजत होतो.

खरा वापर सुरू झाला तो जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात. दोन पाऊस होताच दुधी, घोळ, केना, आघाडा आणि लव्हाळा हे सगळे पाहुणे एकदमच आले. ओल्या फटीत पाते चांगले दीड इंच आत जाते आणि कोवळे रोप मुळासकट बाहेर येते, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र ही वस्तू ज्याने घडवली त्याच्या डोळ्यांपुढे सरळ, लांबच लांब फटींच्या फरश्या असाव्यात. आमच्याकडे फट दर दोन इंचांवर वळते. त्या वळणावर चाक ब्लॉकच्या कडेवर चढते, पाते उचलले जाते आणि रोपाचा नेमका खालचा भाग शिल्लक राहतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी दोन्ही चाके काढून ठेवली आणि काम जवळजवळ दुप्पट वेगाने होऊ लागले. चाके हेच जिचे मुख्य आकर्षण, ती वस्तू चाकांविना अधिक चांगली चालते, असे तेव्हा माझे मत झाले आणि ते आजही कायम आहे.

आता कडी. हे काम ओढण्याचे आहे, ढकलण्याचे नाही. पाते फटीत रुतले की सगळा जोर दांड्याच्या आतल्या नळीला बाहेरच्या नळीतून उपसून काढण्याच्या दिशेने लागतो, आणि त्या जोराला तोंड देण्यासाठी आत अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची बोंडी आणि तिच्यावरचे चार आटे एवढेच आहे. सुरुवातीला दांडा तासाभरात बोटभर सरकायचा. मी पीळ द्यायचो, तो सरकायचा. पुढे पुढे दर दहा मिनिटांनी थांबून कडी आवळणे हाच कामाचा मोठा भाग झाला. २३ जुलैच्या सकाळी लव्हाळ्याच्या एका चिवट झुबक्याला मी जोराने ओढ दिली, आतली नळी सुळकन बाहेर आली, आकडी तेथेच फटीत उभी राहिली आणि मी हातात पोकळ दांडा घेऊन मागे तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर जाऊन बसलो. लागले फारसे नाही. बोंडी काढून पाहिली तर फटीतली बारीक वाळू आत शिरून आटे पार गुळगुळीत झाले होते. वाळूतच वापरायच्या वस्तूला वाळू बाधावी, यावर काय बोलावे!

वॉरंटी बारा महिन्यांची होती. विक्रेत्या कंपनीने आधी फोटो मागवले, मग मूळ खोक्यासह फोटो मागवले (खोके जूनमध्येच रद्दीत गेले होते), आणि मग ‘झीज होणारे भाग वॉरंटीत येत नाहीत’ असे कळवले. माझी तक्रार तीन वेळा ‘निकाली’ म्हणून बंद झाली आणि तिन्ही वेळा ती मी पुन्हा उघडली. चौथ्या उत्तरात त्यांनी फोटोत चाके दिसत नसल्याचे हेरून ‘उत्पादनात फेरफार’ हे नवे कारण पुढे केले. या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. चाके काढल्यावर दांड्यावरचा ताण वाढला असणार. पण कडी त्याआधीपासून सरकत होती आणि तसे मी त्यांना जूनमध्येच लिहिले होते. शेवटी तोडगा म्हणून पूर्ण नवा दांडा ६४९ रुपयांना, टपालखर्च वेगळा, असा प्रस्ताव आला. त्या दांड्यालाही तीच कडी होती. मी नकार दिला आणि अभिप्राय एका ताऱ्यावर आणला.

पुढचा पंधरवडा आकडी कोपऱ्यात पडून होती आणि अंगण आईच्या ताब्यात गेले. आईचे वय ब्याऐंशी. तिचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत. ती पाटावर बसून लोहाराकडून आणलेल्या जुन्या खुरप्याने हात-हात पुढे सरकते. आकडी दुरुस्त झाल्यावर ऑगस्टमध्ये एकदा आम्ही अंगण निम्मे-निम्मे वाटून घेतले. मी अर्ध्यावर असताना तिचे संपले, आणि माझ्याकडे पाहून ती म्हणाली, ‘अरे, तण काढतोयस का त्याला गुदगुल्या करतोयस?’ दहा दिवसांनी तिच्या वाट्याची बाजू माझ्या बाजूपेक्षा स्वच्छ होती, कारण खुरप्याचे टोक वळणातही शिरते. तरीही मी आकडी सोडली नाही. ज्याला बसताच येत नाही त्याने खुरप्याचे गुण गाण्यात अर्थ नाही.

दुरुस्ती अशी केली. पाण्याच्या पाइपावर आवळतात ती होज क्लिप हार्डवेअरच्या दुकानात वीस रुपयांना मिळाली. नुसती क्लिप बसवून उपयोग होत नाही. बाहेरच्या नळीच्या तोंडाशी लोखंड कापायच्या करवतीने समोरासमोर दोन उभ्या चिरा एकेक इंच पाडाव्या लागतात, म्हणजे क्लिप आवळली की नळीचे तोंड दबून आतल्या नळीला धरते. प्लॅस्टिकची कडी आणि बोंडी दोन्ही काढून टाकली. आतल्या नळीवर मार्करने एक रेघ मारून ठेवली आहे. ऑगस्टपासून आजपर्यंत ती रेघ केसभरही हललेली नाही. ही रेघ मी दर वापरानंतर पाहतो आणि घरातले मला पाहतात.

दांडा स्थिर झाल्यावर मात्र दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि खरे तर ती कडीपेक्षा महत्त्वाची आहे. आकडी तणाबरोबर फटीतली वाळूही उपसते. ब्लॉक एकमेकांना धरून राहतात ते या वाळूमुळेच. ती गेली की गाडीच्या चाकाखाली ते डुगडुगू लागतात. सप्टेंबरात फाटकाजवळचे सहा ब्लॉक तसे झाले. ते उचलले तेव्हा दिसले की दुधी आणि घोळ यांची मुळे वरच्या इंच-दीड इंचात साठलेल्या काळपट, मातकट थरातच होती आणि खालची कच (दगडाचा बारीक चुरा) जवळजवळ स्वच्छ होती. म्हणजे या तणांचे बी वाऱ्याने आणि पायांनी वरून येते आणि फटीत साठलेल्या धुळीत रुजते. ब्लॉक बसवताना ठेकेदाराने खाली तण अडवणारे कापड अंथरण्याचे वेगळे पैसे मागितले होते आणि मी ते दिले नव्हते. इतकी वर्षे उगाच रुखरुख लागून राहिली होती, ती त्या दिवशी संपली.

ऑक्टोबरात उघडीप मिळताच सगळ्या फटी आकडीने खरवडल्या, धूळ झाडली आणि चाळलेली कोरडी बारीक वाळू पसरून खराट्याने तिरकी लोटत आत भरली. चार घमेली लागली. पाणी शिंपडल्यावर वाळू खाली बसली, तेव्हा आणखी अर्धे घमेले. त्यानंतरच्या तीन महिन्यांत नव्या वाळूच्या भागात उगवलेली रोपे हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. थंडीत तण कमीच असते, तेव्हा याचे सगळे श्रेय वाळूला देत नाही. खरा निकाल जुलैत लागेल. पण आकडी विकताना सोबत ‘वाळू भरा’ अशी एक ओळही दिलेली नाही, हे मला कडीइतकेच खटकले. गवंड्याने फटींत सिमेंटचे पाणी ओतण्याचा सल्ला दिला होता, तो मी मानला नाही. पाणी मुरायचे थांबते, आणि ब्लॉक जरा हलले की सिमेंटला भेगा पडून तण त्या भेगांत येते.

लव्हाळ्यापुढे आकडी हतबल आहे. पात्याला हिरवी पात आणि पांढरा देठ येतो, पण खाली माळेसारख्या ओवलेल्या गाठी तशाच राहतात आणि आठवड्याच्या आत नवी पात वर दिसते. पाऊस पडून गेल्यावर पेचकसाने फट उकरून गाठ हाताने काढणे एवढेच मला जमले आहे. तणनाशकाचा विचार मी केला नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने ग्लायफोसेट या तणनाशकाची फवारणी परवानाधारक कीडनियंत्रकांकरवीच करण्याचा आदेश काढला, आणि एवढ्या अंगणासाठी माणूस बोलावणे मला परवडणारे नाही. मीठ पावसाबरोबर वाहत कडेच्या कढीपत्त्याच्या मुळाशी जाते. व्हिनेगर वरची पाने करपवते आणि वर सिमेंटलाही खाते. उकळते पाणी मात्र दोन पानांवरच्या रोपांना पुरते. भाताचे पेजपाणी मी सध्या त्यासाठीच वापरतो.

तारेच्या ब्रशविषयी एवढेच, की तो वापरू नये. लाल ब्लॉकचा रंग त्याने दोन ठिकाणी उतरला आणि तुटलेल्या तारांचे गंजाचे ठिपके अजून गेलेले नाहीत. शेवाळासाठी काथ्याचा घासण्याचा ब्रश बरा.

हे सगळे लक्षात घेऊन एक तारा वाढवत वाढवत मी आज साडेतीनवर आलो आहे. पाते नऊ महिन्यांत एकदाच कानशीने घासावे लागले, ते वाकलेले नाही, आणि सकाळी चहाच्या आधी वीस मिनिटे उभ्याने काम होते, याचे तीन. उरलेला अर्धा तारा होज क्लिपचा आहे. तो कंपनीच्या खात्यात धरू नये.