वाकलेला पंखा आणि मोजून केलेली दुरुस्ती

ओहोटीच्या वेळी पाण्याच्या खोलीचा अंदाज चुकला आणि माझ्या होडीचा पंखा वाळूत रुतलेल्या दगडांवर घासला. वेग कमी होता, होडीच्या बुडाला काही झाले नाही, परंतु आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवलेले) इंजिन वर उचलून पाहिले तेव्हा अ‍ॅल्युमिनियमच्या तीन पात्यांपैकी दोघांची टोके वळलेली होती आणि तिसऱ्याच्या पुढच्या धारेतून नखाएवढा तुकडा उडाला होता. हाच पंखा मी लागोपाठ दोन कार्यशाळांमध्ये दुरुस्त करून घेतला. दोन्हींची नावे येथे देत नाही. मात्र त्यांच्या कामात जो फरक आढळला तो असा पंखा हातात घेऊन उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असावा, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या कार्यशाळेने दोन दिवसांत पंखा परत दिला. टोके ठोकून सरळ केलेली होती, तुटलेल्या जागी वेल्डिंग भरून ते कानशीने घासलेले होते आणि वर रंगाचा नवा हात दिलेला होता. दिसायला पंखा कोरा वाटत होता. पाण्यात मात्र इंजिन तीन हजार फेऱ्यांच्या पुढे गेले की सुकाणूच्या चाकात थरथर जाणवू लागली. आणि पूर्वी तेवढ्याच वजनानिशी, तेवढ्याच इंधनानिशी पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे इंजिनाला पूर्ण जोर दिल्यावर, जेथे मिनिटाला ५५०० फेरे मिळत, तेथे ५७५० फेरे मिळू लागले, तरीही होडीचा वेग कमीच भरला. इंजिन अधिक फिरते आणि होडी कमी पळते, याचा अर्थ पंख्याची पाण्यावरची पकड गेली आहे, हे तेव्हाच लक्षात आले. तक्रार केल्यावर ‘पाती सरळ आहेत, डोळ्यांनी बघा’ एवढेच उत्तर मिळाले.

पाते डोळ्यांना सरळ दिसणे आणि त्याचा पिच बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिच म्हणजे पंखा एका पूर्ण फेऱ्यात, मुळीच न घसरता, जितके इंच पुढे सरकला असता ते अंतर. माझ्या पंख्यावर सव्वातेरा बाय सतरा असे कोरलेले आहे. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पिचचा. पिचमध्ये एका इंचाचा फरक पडला तर पूर्ण थ्रॉटलला साधारण १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो. त्यातही तीन पात्यांचे पिच एकमेकांशी जुळत नसतील, तर प्रत्येक पाते पाण्याला वेगवेगळ्या जोराने ढकलते आणि ती ओढाताण शाफ्टमार्गे (पंखा ज्या दांड्यावर बसतो तो) बेअरिंगपर्यंत आणि ऑइल सीलपर्यंत (तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी कडी) पोचते.

दुसऱ्या कार्यशाळेतील कारागिराने पंखा हातात घेण्यापूर्वीच मला विचारले, “शाफ्ट तपासलात का? तो वाकला असेल तर पंखा कितीही नीट केला तरी थरथर जाणार नाही.” मी तपासला नव्हता. त्यांच्या सांगण्यावरून घरी येऊन इंजिन बंद, सुरक्षादोरी (जी ओढली की इंजिन बंद पडते) काढलेली, स्पार्क प्लगच्या तारा सोडवलेल्या आणि गिअर न्यूट्रलमध्ये, अशा स्थितीत शाफ्टच्या टोकाजवळ येईल अशी एक टोकदार काडी इंजिनाच्या न फिरणाऱ्या भागाला घट्ट बांधली आणि शाफ्ट हाताने सावकाश फिरवला. काडी आणि शाफ्ट यांमधले अंतर पूर्ण फेऱ्यात कोठेही कमीजास्त झाले नाही. गिअरचे तेलही थोडे काढून पाहिले. ते दुधाळ झालेले नव्हते, म्हणजे सीलमधून पाणी शिरलेले नव्हते. हा एक प्रश्न पहिल्या ठिकाणी कोणी विचारला नव्हता, आणि माझ्या मते तेथेच दोन्ही कामांतला फरक ठरला.

त्यांनी प्रत्येक पाते मध्यापासून टोकापर्यंत वेगवेगळ्या त्रिज्यांवर मोजले आणि कागद माझ्यासमोर ठेवला. दोन पाती सतराच्या आसपास होती, तिसरे साडेपंधरावर आले होते. शिवाय मागच्या धारेला मुळात जो हलका बाक दिलेला असतो, ज्याला कप म्हणतात, तो ठोकताना आणि घासताना पार सपाट झाला होता. फेरे का वाढले होते, याचा उलगडा त्या कागदावर झाला. पाती साच्यावर बसवून पुन्हा आकाराला आणली, कप परत दिला, मग पंखा समतोल तपासायच्या दोन समांतर धारांवर ठेवून जड पात्याची पाठ घासली. कोणत्याही स्थितीत सोडला तरी तो आपोआप फिरेनासा झाला तेव्हाच काम थांबले. शेवटी दुरुस्तीनंतरच्या मापांचा दुसरा कागद मिळाला. तिन्ही पाती सतराच्या अगदी निकट होती.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पाच दिवसांचे काम बारा दिवसांवर गेले आणि मध्ये कोणी कळवले नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या भागातले अ‍ॅल्युमिनियम मऊ पडते आणि पुढच्या आघातात तेच टोक आधी वळते, ही गोष्ट मी विचारल्यावरच सांगण्यात आली. ती आधी सांगायला हवी होती, कारण ती कळली असती तर मी जोडीला सुटा पंखा त्याच दिवशी मागवला असता. आता मागवला आहे.

पंखा बसवताना त्यांनी दिलेली एक सूचना मला फार मोलाची वाटली. पंख्याच्या मध्यभागी रबरी बुश असतो आणि आघातात तो आतल्या आत सुटू शकतो; मग इंजिन गरजते आणि होडी जागची हलत नाही. म्हणून आतल्या नळीपासून बाहेरच्या धातूपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची. बुश घसरला तर रेघ तुटलेली दिसते. शाफ्टच्या खाचांना ग्रीस, थ्रस्ट वॉशर (पंख्याचा रेटा झेलणारी चकती) योग्य बाजूने आणि कॉटर पिन (नट सुटू न देणारी दुपदरी पिन) मात्र प्रत्येक वेळी नवी, हेही त्यांनी बजावले.

त्यानंतर दहा तास होडी चालवली आहे. पूर्ण थ्रॉटलला फेरे पुन्हा ५५०० वर आले आहेत, चाकातली थरथर गेली आहे आणि काल पाहिले तेव्हा पांढरी रेघ जशी ओढली तशीच अखंड होती.