हावड्याहून कोलकात्यात: नदीखालची मेट्रो

मुंबई किंवा नागपूरहून येणारी गाडी हावड्याला थांबली, की स्थानकाबाहेर टॅक्सीवाल्यांशी भाड्याची घासाघीस करण्याऐवजी सरळ मेट्रोचा जिना उतरावा, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. 1984 साली देशातील पहिली मेट्रो कोलकात्यातच धावली आणि मार्च 2024 पासून ती हुगळीच्या पात्राखालूनही जाऊ लागली. हावडा स्थानक जमिनीखाली सुमारे 30 मीटर असल्याने एकामागून एक सरकते जिने उतरावे लागतात. जड सामान असेल तर लिफ्ट शोधणेच बरे. नदीखालचा टप्पा जेमतेम पाऊण मिनिटाचा असून बोगद्यातील निळे दिवे दिसताच सगळे मोबाइल वर होतात. नदीपलीकडच्या एस्प्लनेड स्थानकावर दक्षिणेकडील मेट्रो पकडली, की पार्क स्ट्रीट आणि कालीघाट सहज गाठता येतात. कचेऱ्या सुटण्याच्या वेळी मात्र येथे दादरची आठवण यावी इतकी गर्दी असते. भूक लागली असेल तर बाहेर पडून न्यू मार्केटकडे चालत जावे आणि गरम तव्यावरचा अंड्याचा काठी रोल खावा. मेट्रोचे दहा रुपयांचे तिकीट पाहता उरलेले पैसे तेथेच खर्च करणे योग्य.